स्नोमिटची जाहिरात

१७, लूमर रो, हॅदरक्लफ
३ फेब्रुवारी २०१४

डॉ. टिंडल यांस,

पत्र हातानं लिहितेय, त्याबद्दल माफी मागणार नाही. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही आणि शहात्तराव्या वर्षी आणायचाही नाही. तुमचा तो जुन्या टीव्ही जाहिरातींचा संग्रह आमच्या लायब्ररीतल्या डॉबिगिनबाईंनी मला त्यांच्या पडद्यावर दाखवला. मी एकच जाहिरात शोधत होते, ती सापडली. थ्रॅपवुड कंपनीचे 'स्नोमिट' हातमोजे, ओव्हनमधलं तापलेलं भांडं धरायचे. १९६२ साल. तीस सेकंद.

चार वेळा पाहिली. मग खाली तुम्ही लिहिलेली ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. "मागे काही अनोळखी कामगार मुली." अनोळखी कोणाला हो? सकाळी भोंगा झाला की आम्ही हातात हात घालून अख्खा रस्ता अडवून निघायचो, दूधवाला गाडी बाजूला घ्यायचा. सगळं गाव ओळखत होतं आम्हाला.

डावीकडून तिसरी, डोक्याला ठिपक्यांचा रुमाल, हातानं पांढरं काहीतरी उधळतेय ती मी. ते पांढरं म्हणजे पिंजलेला ॲस्बेस्टॉस. आम्ही त्याला बर्फ म्हणायचो.

एक विचारायचं होतं. ही फिल्म कोणत्या दिवशी काढली, कुठं काढली, असं लिहिलेला काही कागद तुमच्याकडे आहे का? असेल तर कळवा. काम आहे.

एनिड ऑल्ड्रॉइड (मिसेस)

ता.क. तुम्ही कशाच्या डॉक्टर? घसा बघणाऱ्या नाही, एवढं डॉबिगिनबाईंनी सांगितलंय.


११ फेब्रुवारी २०१४

आदरणीय मिसेस ऑल्ड्रॉइड,

तुमचं पत्र वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठले. आमच्याकडे नऊ हजारांवर जाहिराती आहेत, पण पडद्यावरचं माणूस आपणहून पत्र लिहितं असं पहिल्यांदाच घडलंय. मी जाहिरातींच्या इतिहासाची डॉक्टर. घसा दुखला तर माझा उपयोग शून्य.

'अनोळखी' हा शब्द चुकलाच. कृपा करून सगळ्यांची नावं कळवा, लगेच घालते.

ही फिल्म आम्हाला लंडनमधल्या एका बंद पडलेल्या जाहिरात एजन्सीच्या तळघरात मिळाली. डब्यावर फक्त साल आहे. तारखेचा किंवा जागेचा कागद माझ्या पाहण्यात नाही.

खरं सांगू? अख्ख्या संग्रहातली माझी ही सगळ्यात लाडकी जाहिरात. 'मऊपणा कसा विकला जातो' या विषयावर मी लिहितेय, त्यात तिच्यावर एक प्रकरणच आहे. तुम्ही मुली बर्फ उधळता, मग त्या पांढऱ्या ढिगात बसलेलं गुबगुबीत बाळ, आणि ती ओळ: 'बाळाच्या गालाइतकं मऊ!' किती लोभस आहे! बाळ अर्थातच एजन्सीनं लंडनहून आणलेलं असणार, तेव्हा तशीच पद्धत होती. त्या मजेच्या दिवसाबद्दल तुम्हाला काही आठवत असेल तर ऐकायला फार आवडेल.

आपली,
रोवेना टिंडल


२० फेब्रुवारी २०१४

डॉ. टिंडल,

नावं घ्या लिहून. डावीकडून आयरीन सटक्लिफ. मग डोरीन फर्थ. मग मी, तेव्हाही ऑल्ड्रॉइडच, कारण लग्न झालं होतं. उजवीकडं टोकाला पेगी रॅन्किन.

आयरीन एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. डोरीन त्रेपन्नाव्या. पेगी कॅनडाला गेली, आम्हाला वाटलं ती तरी सुटली. मग तिच्या मुलीचं पत्र आलं. तिघीही एकाच दुखण्यानं गेल्या. श्वास घेताना पाण्यात बुडतोय असं वाटायचं, डोरीन म्हणायची. मी कशी काय राहिले ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. काहीजण राहतात म्हणे.

'लोभस' आणि 'मजेचा दिवस' हे दोन शब्द तुमच्या त्या प्रकरणात लिहायच्या आधी ही नावं एकदा मोठ्यानं वाचा.

आणि बाळ लंडनचं नव्हतं. आज एवढंच.

एनिड ऑल्ड्रॉइड


६ मार्च २०१४

आदरणीय मिसेस ऑल्ड्रॉइड,

मला लाज वाटली. पाच वर्षं मी ती तीस सेकंदं बघतेय, शेकडो वेळा. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा कधी वळतो, सगळं मला पाठ आहे. पण ते पांढरं काय आहे हे माहीत असूनही ते कुणाच्या नाकातोंडात गेलं असेल, हा विचार मी कधी केला नाही. माफ करा. चारही नावं घातली आहेत.

एक सांगायला हवं. थ्रॅपवुड बंद पडली तेव्हा तिचं नाव आणि जबाबदाऱ्या दुसऱ्या एका मोठ्या कंपनीकडे गेल्या. आम्ही नावं घातल्यावर चारच दिवसांत तिच्या वकिलांचं पत्र आलं, की फिल्मचे हक्क आमचे आहेत, ती काढून टाका. असली पत्रं आम्हाला वर्षाला दहा येतात. काळजी नको.

पण बावन्न वर्षांपूर्वीच्या जाहिरातीवर ते एवढे का चिडलेत ते कळत नाही. आणि तुम्हाला तारीख का हवी आहे? आणि ते बाळ कुणाचं?

आपली,
रोवेना टिंडल


१४ मार्च २०१४

टिंडलबाई,

बाळ माझं.

नाव बेव्हर्ली. तेव्हा आठ महिन्यांची होती. एजन्सीनं एक बाहुली आणली होती, पण कॅमेऱ्यात ती मेल्यासारखी दिसायला लागली. उंटाच्या रंगाचा कोट घातलेला एक माणूस ओरडला, "अरे, या गावात एखादं जिवंत पोर नाही का?" मुकादम हॅगस माझ्याकडं बघून म्हणाला, "एनिड, तुझी पोर इथंच कोपऱ्यावर असते ना?" सासूबाई दोन गल्ल्या पलीकडं बेव्हला सांभाळायच्या. मी ॲप्रनसकट पळत गेले. सासूबाई म्हणाल्या, "नको नेऊस गं, तिथं केवढी धूळ असते." मी म्हटलं, "आई, टीव्हीवर येणार आहे ती!"

ढिगात बसवली तिला. सहा वेळा बसवली, कारण त्या कोटवाल्याला हवं तसं होईना. ती मुठी भरभरून उडवत होती. मला एक हातमोज्यांची जोडी दिली आणि बिस्किटांचा एक डबा. घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

दर नाताळला ही गोष्ट आमच्या घरी सांगितली जायची. आयरीन गेल्यावर मी सांगणं बंद केलं.

बेव्हनं थ्रॅपवुडमध्ये एक दिवस काम केलं नाही. मीच करू दिलं नाही. ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि तीस वर्षं तिनं पोरांना जेवायला वाढलं. नोव्हेंबरात तिला तेच दुखणं निघालं, आयरीनचं, फुप्फुसाच्या अस्तराचा कर्करोग. हा ॲस्बेस्टॉसशिवाय सहसा होत नाही. कंपनीचे वकील म्हणतात, ती कधी आमच्याकडे कामाला नव्हती, धागा शाळेच्या छपरातून गेला असेल, कुठूनही गेला असेल. मी सांगितलं काय झालं ते. तर म्हणे, "बावन्न वर्षांनंतर आईच्या आठवणीवर विसंबता येत नाही."

आता कळलं, ते का चिडलेत आणि मला तारीख का हवीय?

बेव्ह विनोद करते. परवा नर्सला म्हणाली, "सगळ्यांना थ्रॅपवुडनं कामाला लावून मारलं. मला मात्र स्टार करून." मग अर्धा तास खोकत होती.

एनिड ऑल्ड्रॉइड


२ मे २०१४

डॉ. टिंडल,

बेव्हर्ली एकोणीस एप्रिलला गेली. गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी. सप्टेंबरात कॉरोनरसमोर चौकशी आहे, मृत्यू कशानं झाला ते तिथं ठरेल.

मी काल लायब्ररीत गेले होते. मला तिला बघायचं होतं, एवढंच. डॉबिगिनबाईंनी पान उघडलं आणि तिथं काही नाही. कोरं. "ही नोंद सध्या उपलब्ध नाही." आयरीन नाही, डोरीन नाही, पेगी नाही, माझी पोर नाही. डॉबिगिनबाई म्हणाल्या, महिन्याभरापासून असंच असेल, त्यांनी मध्ये बघितलंच नव्हतं.

माझ्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत तेव्हा मला वाटलं, बाईला काय लिहावं सुचत नसेल. सहा आठवडे मी तुमच्याबद्दल चांगला विचार करत होते. फुकट गेला.

'काळजी नको' म्हणाला होतात. केली नाही मी. चुकलं माझं.

ए. ऑल्ड्रॉइड


८ मे २०१४

आदरणीय मिसेस ऑल्ड्रॉइड,

बेव्हर्लीबद्दल लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि मी लिहायला लायकही नाही. म्हणून आधी काय केलं ते सांगते.

फिल्म संग्रहातून मीच काढून टाकली. २४ मार्चला. विद्यापीठातले आमचे विभागप्रमुख लॅथम म्हणाले, "रोवेना, ही हातमोज्यांची एक जाहिरात आहे. हिच्यासाठी नऊ हजार जाहिरातींचा संग्रह कोर्टात उभा करायचा का?" माझी नेमणूक ऑगस्टपर्यंतच आहे, हेही त्यांनी सहज आठवण करून दिल्यासारखं सांगितलं. मी घाबरले आणि बटण दाबलं. तुमचं बाळाचं पत्र तेव्हा माझ्या टेबलावर होतं. त्यानंतर रोज ते पत्र बघायचे आणि उत्तर उद्यावर ढकलायचे.

तुमचं २ मेचं पत्र आलं त्याच दिवशी वकिलांचं दुसरं पत्र आलं. आता ते म्हणतात, ही जाहिरात कारखान्यात काढलेलीच नाही, लंडनच्या स्टुडिओत काढली, आणि ते पांढरं म्हणजे साधा कापूस. आणि मूळ फिल्मचे डबे 'सुरक्षिततेसाठी' त्यांच्या ताब्यात द्यावेत. लॅथम म्हणाले, देऊन टाका, विषय संपेल.

डबे बांधायला मी कोठारात उतरले. वकिलांनी 'डबे' म्हटलं होतं, एक डबा नव्हे! त्या एजन्सीच्या खोक्यात तळाला दुसरा एक डबा होता, ज्याची नोंदच आम्ही कधी केली नव्हती. झाकणावर पेन्सिलीनं 'कापलेले तुकडे' लिहिलेलं. उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, जुनी फिल्म सडायला लागली की येतो तसा. तरी चालली. अकरा मिनिटं आहेत. जाहिरातीत न घेतलेले भाग, आवाजासकट.

प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक माणूस पाटी धरतो. चौथ्या तुकड्यातली स्वच्छ वाचता येते: 'स्नोमिट. थ्रॅपवुड, हॅदरक्लफ, पिंजण शेड. १८ सप्टेंबर १९६२.' पाटी बाजूला होते आणि मागे ठिपक्यांचा रुमाल बांधलेली एक मुलगी बाळाला कडेवर घेऊन उभी आहे. तिनं बाळाच्या तोंडात बोट घातलंय आणि आतून पांढरं काहीतरी काढून ॲप्रनला पुसतेय.

मी वर गेले आणि लॅथमना सांगितलं, डबे मिळणार नाहीत. ते म्हणाले, "तू भावनेच्या भरात बोलतेयस." म्हटलं, "सहा आठवडे भीतीच्या भरात होते, तेव्हा तुम्हाला चाललं." जाहिरात परत लावली आहे आणि शेजारी ती अकरा मिनिटंही. कॉरोनरना मी स्वतः पत्र लिहून दोन्ही डबे कुठं आहेत ते कळवलंय. एक प्रत तुमच्या डॉबिगिनबाईंकडे पाठवलीय. आता ती पुसून टाकायची तर त्यांना हॅदरक्लफच्या लायब्ररीवर चालून यावं लागेल.

तुम्ही पत्रोत्तर दिलं नाहीत तरी मला समजेल.

रोवेना टिंडल


१३ मे २०१४

रोवेना पोरी,

लायब्ररीवर चालून कोण येतंय! डॉबिगिनबाई उशिरा पुस्तक आणणाऱ्याला रडवतात.

तुला माफ केलेलं नाही. अर्धं केलंय. उरलेलं समोर आलीस की बघू.

बघितली मी ती अकरा मिनिटं. डॉबिगिनबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि माझा हात धरून बसल्या. मला वाटलं होतं मी कोसळेन. कोसळले नाही. इतका राग आला की बस सोडून दिली आणि टेकडी चढून घरी चालत आले, या गुडघ्यांनिशी. गेले सहा महिने मी एकच घोकत होते, की एनिड, तू कसली आई, तू बघितलं नाहीस. पण बघितलं होतं गं मी. तोंड पुसलं होतं मी तिचं. त्या शेडमध्ये साहेबांसकट वीस माणसं उभी होती. धूळ काय करते हे त्यांच्यातल्या ज्यांना माहीत होतं, त्यांच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही.

तुला काढतील बघ नोकरीवरून. काढू दे. बेव्हची खोली रिकामी आहे, खिडकीतून गावाबाहेरचा माळ दिसतो. जेवायला बटाटे आणि मटण मिळेल. नखरे चालणार नाहीत.

एनिड


२५ जुलै २०१४

एनिड,

तुम्ही म्हणालात तसंच झालं. माझी नेमणूक वाढवली नाही. कारण दिलंय, 'विभागाच्या गरजा बदलल्या.' निरोपाला केक होता. मी खाल्ला नाही, डबा भरून घरी आणला आणि शेजाऱ्यांना वाटला.

पण मोठी बातमी ही, की कॉरोनरचा हुकूम आला. दोन्ही डबे पुरावा म्हणून त्यांनी मागवून घेतले, आणि विद्यापीठाला बजावलंय की चौकशी संपेपर्यंत संग्रहातलं काहीही हलवायचं नाही. आता लॅथम वर्तमानपत्रांना सांगतायत, की इतिहास जपायचा ही आमची पहिल्यापासूनची भूमिका. वाचून मी एवढी हसले की चहा सांडला.

वकिलांनी माझी गाठ घेतली. अगदी गोड बोलत होते. म्हणाले, तुम्ही अभ्यासक आहात, तुमच्या साक्षीत फक्त 'पाटी दुसऱ्या कुठल्या दिवसाची असू शकते' एवढं एक वाक्य घातलंत तर बरं. मी म्हटलं, "हो, असू शकते, आणि मी इंग्लंडची राणीही असू शकते." निवेदन सहीनिशी पाठवून दिलंय. त्यावर त्यांना काही विचारायचं नाही म्हणे, म्हणून कॉरोनर ते वाचून दाखवणार.

एकच दुःख. ग्लासगोच्या एका छोट्या फिल्म कोठारात मला काम मिळालंय आणि चौकशीच्याच आठवड्यात रुजू व्हायचंय. मी त्यांना तारीख बदलून मागते.

रोवेना


३० जुलै २०१४

रोवेना,

काही मागायचं नाही. एक नोकरी माझ्या पोरीपायी गेली, तेवढी पुरे. तू तुझं बोललीस. आता मी बोलते. झाल्यावर सगळं लिहून कळवेन.

एनिड


२४ सप्टेंबर २०१४

रोवेना पोरी,

काल झाली चौकशी. आत्ता सकाळ आहे, चहा घेतलाय, आणि पहिलं काम तुझं.

नवा निळा कोट घालून गेले. डॉबिगिनबाई लायब्ररीला कुलूप लावून आल्या. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. कॉरोनर म्हणजे एक बारीकशी बाई, माझ्या बेव्हच्या वयाची. तुझं निवेदन तिनं स्वतः वाचलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. मग म्हणाली, आता फिल्म बघू.

कंपनीचा वकील उठला. आवाजाची गरज नाही, म्हणाला, चित्र पुरेसं आहे, आवाजानं नातेवाइकांना त्रास होईल. माझी काळजी! मी उभी राहिले. मध्ये बोलायचं नसतं, माहीत आहे मला. म्हटलं, "बाईसाहेब, नातेवाईक मी आहे. आवाज चालू ठेवा."

ठेवला.

रोवेना, ती हसते गं. मी लायब्ररीत पाहिलं तेव्हा तिथं आवाज बारीक ठेवला होता. काल खोलीभर झाला. त्या ढिगात बसून, मुठी उडवत, खदाखदा. आठ महिन्यांची बेव्ह. आमच्याकडे तिचा लहानपणचा आवाज कुठंच नव्हता. कोटवाला ओरडतो, "पुन्हा एकदा!" आणि ती त्यालाच हसते.

फिल्म संपली तेव्हा कॉरोनरनं विचारलं, मिसेस ऑल्ड्रॉइड, तुम्हाला काही सांगायचंय का. मी म्हटलं, "हो. तुम्हाला पंखे ऐकू आले का? पिंजण शेडमध्ये धूळ ओढणारे मोठे पंखे होते, त्यांच्या घरघरीत आम्ही एकमेकींशी खुणांनी बोलायचो. या फिल्ममध्ये बाळाचं हसू ऐकू येतंय. म्हणजे पंखे बंद होते. यांच्या फिल्मसाठी बंद केले होते." ती बराच वेळ लिहीत होती.

मग वकिलाची पाळी. तरुण आहे, वाईट नसेल, पण कामाला लागलेला. म्हणाला, "मिसेस ऑल्ड्रॉइड, एवढ्या धुळीत मुलीला तुम्ही स्वतः घेऊन गेलात. कुणी जबरदस्ती केली नव्हती. बरोबर?"

या प्रश्नाला मी नोव्हेंबरापासून घाबरत होते. रात्रंदिवस मीच मला विचारत होते तो. आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर भीतीच गेली.

मी म्हटलं, "बरोबर. मीच नेलं. तुमच्या कंपनीनं अख्ख्या देशाला सांगितलं की हे बाळाच्या गालाइतकं मऊ आहे. मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवायचा नव्हता, तर सांगितलंत कशाला?"

त्यानं कागद गोळा केले. "आणखी प्रश्न नाहीत," म्हणाला.

कॉरोनरनं निकाल दिला: मृत्यूचं कारण औद्योगिक आजार. थ्रॅपवुड कारखान्यात, १८ सप्टेंबर १९६२ रोजी आणि त्यानंतर आईच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीमुळे. कपड्यांचं ऐकून लागलं मला, खोटं कशाला बोलू. पण तेही खरं आहे, आणि खरं तेच लिहून घ्यायला मी गेले होते.

बाहेर कंपनीचा एक साहेब हात पुढं करून आला. आम्हाला अतिशय सहानुभूती आहे, म्हणाला. आणि बेव्हर्लीच्या नावानं बागेत एक बाक बसवायची आमची इच्छा आहे. फक्त संग्रहातून ती अकरा मिनिटं कमी करता आली तर, कुटुंबाच्या खासगीपणासाठी. मी त्याचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. म्हटलं, "साहेब, तुम्ही तिला टीव्हीवर आणलंत. आता ती टीव्हीवरच राहील."

पायऱ्यांवर एक माणूस उभा होता, साठीचा, टोपी हातात, शेजारी त्याची बहीण. अनोळखी. म्हणाला, त्यांची आई थ्रॅपवुडच्या गोदामात होती, जुलैत गेली, त्यांची चौकशी डिसेंबरात आहे. त्यांच्याकडे कागद नाही, फोटो नाही, काही नाही. "आम्ही काय दाखवणार, मिसेस ऑल्ड्रॉइड?"

मी त्यांना तुझा ग्लासगोचा पत्ता दिलाय. थ्रॅपवुडनं दहा वर्षं जाहिराती काढल्या, रोवेना. इस्त्रीच्या टेबलाच्या गाद्या, शेगडीखालच्या चटया, काय काय. कुठल्या तरी तळघरात कुठला तरी डबा असेलच. शोध.

आणि त्या दोघांना मी सांगितलंय, डिसेंबरात मी येणार. निळा कोट घालून, पहिल्या रांगेत.

तुझी,
एनिड